गोव्यात राहून डीबीए व्हायचं असेल तर

फर्मागुडीहून इंजिनिअरिंग, म्हापसा-मडगावच्या कॉलेजातून बीसीए किंवा ताळगावच्या पठारावरून एमसीए करून बाहेर पडलेली मुलं मला एकच प्रश्न विचारतात: ‘डेटाबेसमध्ये काम करायचंय, पण पुण्या-बंगळुरूला जायचं नाही, जमेल का?’ जमतं. मात्र इथं हे काम ज्या रूपात मिळतं ते पाठ्यपुस्तकातल्या डीबीएसारखं, म्हणजे निव्वळ डेटाबेस सांभाळणाऱ्या ‘डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’सारखं नसतं. मोठ्या शहरात दहा जणांच्या टीममध्ये तुम्ही एक असता. इथं बहुतेक ठिकाणी तुम्ही एकटेच असता, आणि प्रिंटर अडकला तरी हाक तुम्हालाच येते. त्या एकटेपणाची तयारी कशी करायची, ते खाली क्रमानं लिहिलं आहे.

१. जाहिरातीत ‘डीबीए’ शोधू नका

गोव्यात निव्वळ डीबीएची जागा क्वचित निघते. काम तेच असतं, पण पाटी वेगळी असते: ‘आयटी एक्झिक्युटिव्ह’, ‘ईआरपी सपोर्ट’, ‘सिस्टिम्स मॅनेजर’, ‘अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट इंजिनिअर’. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपन्या, किनारपट्टीवरची मोठी हॉटेलं, पणजीतली कॅसिनोंची ऑफिसं, सहकारी पतसंस्था, पाटो-पर्वरीकडच्या परदेशी ग्राहकांचं काम करणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या, या सगळ्यांकडे डेटाबेस आहे आणि तो कुणीतरी सांभाळतो.

औषध कंपनीबद्दल जरा जास्त सांगतो, कारण नव्या माणसाची तिथं सगळ्यात जास्त गफलत होते. तिथल्या डेटाबेसमध्ये बॅचच्या नोंदी, प्रयोगशाळेचे निकाल असतात. माल अमेरिकेला जात असेल तर त्यांच्या एफडीए या औषध नियामक संस्थेचा ‘ट्वेंटीवन सीएफआर पार्ट इलेव्हन’ हा १९९७ चा नियम लागू होतो. कुणी, कधी, काय बदललं आणि का बदललं याचा माग, म्हणजे ऑडिट ट्रेल, शाबूत राहिला पाहिजे. कॉलेजात तुम्ही एक अपडेट चालवून चुकीचा आकडा दुरुस्त करत होता. इथं तोच अपडेट थेट टेबलावर चालवलात तर आकडा बरोबर होईल, पण निरीक्षक आला की कंपनीला उत्तर देता येणार नाही. आधी चेंज कंट्रोलचा फॉर्म, गुणवत्ता विभागाची सही, टेस्ट सिस्टिमवर चाचणी आणि मग बदल. पाच मिनिटांच्या कामाला आठवडा लागतो. ज्याला हे सहन होत नाही त्याने वेर्ण्याला अर्ज करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला होतं त्याला लागलेली शिस्त पुढे कुठंही कामाला येते.

मुलाखतीत तुम्हीही चार प्रश्न विचारा. कुठला डेटाबेस आहे आणि कुठलं व्हर्जन? बॅकअप कोण घेतं? तो कुठं ठेवला जातो? आणि शेवटचा रिस्टोअर, म्हणजे बॅकअपवरून डेटा परत उभा करणं, कधी करून पाहिला? चौथ्या प्रश्नावर समोरचे एकमेकांकडे बघायला लागले, तर तुमचं पहिल्या महिन्याचं काम ठरलं असं समजा.

२. एकच डेटाबेस हातात धरा

एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एमवायएसक्यूएल हे चारही डेटाबेस थोडे थोडे शिकणारा कुठल्याच मुलाखतीत टिकत नाही. माझा सल्ला असा: स्थानिक हॉटेल, कारखाना, संस्था डोळ्यांसमोर असेल तर एसक्यूएल सर्व्हरपासून सुरुवात करा. घरून परदेशी किंवा बाहेरगावच्या कंपनीचं काम करायचं असेल तर पोस्टग्रेस. ओरॅकल तेव्हाच, जेव्हा ते चालवणारी कंपनी तुम्हाला घेते आहे. घरी बसून ओरॅकल शिकता येतं, पण त्याची खरी गुंतागुंत मोठ्या सिस्टिमवरच दिसते. एमवायएसक्यूएल वेबसाइटवाल्यांकडे हमखास भेटेल. पोस्टग्रेस येणाऱ्याला ते महिन्याभरात उमजतं.

लायसन्सचं एक सांगून ठेवतो, कारण ते कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. ओरॅकलमध्ये एडब्ल्यूआर नावाचा कामगिरीचा अहवाल असतो. एंटरप्राइझ एडिशनमध्ये तो आपोआप चालू असतो, पण वापरायला डायग्नोस्टिक्स पॅकचं वेगळं लायसन्स लागतं. उत्साहात अहवाल काढत गेलात तर लायसन्स तपासणीच्या वेळी बिल कंपनीच्या नावावर येतं आणि बोट तुमच्याकडे. आधी विचारा, मग काढा.

छोट्या कार्यालयांत एसक्यूएल सर्व्हरची फुकट एक्सप्रेस आवृत्ती सर्रास दिसते. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत तिच्या एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, २०२५ च्या आवृत्तीत ती ५० जीबी झाली. मर्यादा गाठली की वाचन चालू राहतं, नवी नोंद जात नाही, आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, ‘व्हायरस आलाय.’ शिवाय एक्सप्रेसमध्ये ठरल्या वेळी कामं चालवणारा एजंट नसतो, त्यामुळे बॅकअपची वेळ विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून लावावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती लावलेलीच नसते.

३. घरच्या सरावाला काय लागतं

फार काही नाही.

– १६ जीबी रॅमचा लॅपटॉप (८ मध्येही होतं, पण दोन सर्व्हर एकदम चालवताना रडतो)
– व्हर्च्युअलबॉक्स (एका लॅपटॉपात अनेक मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), आणि त्यात एक लिनक्स व एक विंडोज मशीन
– एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती: फुकट, एंटरप्राइझची सगळी सोय, फक्त शिकायला आणि चाचणीला
– पोस्टग्रेस, आणि ओरॅकल हवंच असेल तर ‘ओरॅकल डेटाबेस फ्री’, ज्यात १२ जीबी डेटा आणि २ जीबी रॅमची मर्यादा आहे
– बाहेरची एक हार्ड डिस्क
– एक वही. मी गंमत करत नाही. सर्व्हर बंद पडतो तेव्हा सर्व्हरवर ठेवलेल्या नोट्सही बंद पडतात.

दोन मशीनच का? एक ‘प्रॉडक्शन’, म्हणजे खऱ्या कामाची चालू सिस्टिम समजायचं, दुसरं रिकामं ठेवायचं. पहिलं मोडायचं आणि दुसऱ्यावर उभं करायचं. लिनक्सची कमांड लाइन टाळू नका. माऊसवर शिकलेला माणूस रात्री मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून सर्व्हरला जोडला गेला की त्याचा माऊस सरकतच नाही.

४. बॅकअप घेणं सोपं, परत आणणं शिका

याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा रेप्लिका, म्हणजे मुख्य सर्व्हरची सतत जुळवली जाणारी प्रत, दुरुस्त करताना चुकून मुख्य सर्व्हरवरचंच डेटाचं फोल्डर उडवलं. सुमारे ३०० जीबी गेलं. त्यांच्याकडे परत येण्याच्या पाच वाटा होत्या आणि पाचांपैकी एकही धड चालेना. पीजी-डंप या पोस्टग्रेसच्या साधनाचा रोजचा बॅकअप चुकीच्या व्हर्जनमुळे मुळातच अयशस्वी होत होता. त्याची सूचना देणारी ईमेल समोरची ईमेल यंत्रणा परत पाठवत होती, म्हणून ती कुणापर्यंत पोचलीच नाही. शेवटी कुणीतरी चाचणीसाठी घेतलेला सहा तासांपूर्वीचा स्नॅपशॉट सापडला आणि त्यावरून सिस्टिम उभी राहिली. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. हे सगळं त्यांनी जाहीरपणे लिहून ठेवलं, म्हणून आपण शिकू शकतो. एवढ्या जाणत्या माणसांचं हे, तर कळंगुटच्या हॉटेलातल्या कोपऱ्यातल्या सर्व्हरचं काय?

नोकरीला लागल्यावर पहिल्या पंधरवड्यात ही तालीम करा:

क) आदल्या रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर आणा. हे मशीन मुख्य सिस्टिमला जोडलेलं नको, नाहीतर टेस्टमधून खऱ्या ग्राहकांना एसएमएस जातील.

ख) घड्याळ लावून रिस्टोअर करा. फाइल आणायला किती वेळ गेला, रिस्टोअरला किती, दोन्ही लिहा. साहेबांनी ‘तासाभरात चालू होईल ना?’ विचारलं की उत्तर या वहीतून द्यायचं, अंदाजाने नाही.

ग) आत शिरून शेवटचं बिल, शेवटचं बुकिंग, शेवटची पावती बघा. तिची वेळ आणि आत्ताची वेळ यांतला फरक म्हणजे अपघात झाल्यास तुमचा जाणारा डेटा. हॉटेलला एक रात्र परवडत नाही, कारण त्या रात्रीची बुकिंगं आणि ग्राहकांच्या सह्या परत मिळत नाहीत. म्हणून फुल बॅकअपच्या जोडीला दर पंधरा मिनिटांनी लॉगचा, म्हणजे झालेल्या बदलांच्या नोंदींचा, बॅकअप लागतो.

घ) अ‍ॅप्लिकेशन जोडून लॉगिन करा. इथंच बहुतेकांची दांडी उडते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉगिन मास्टर डेटाबेसमध्ये राहतात. तुम्ही फक्त कामाचा डेटाबेस आणलात तर त्यातले युजर पोरके होतात आणि कुणालाच आत जाता येत नाही. पोस्टग्रेसमध्ये पीजी-डंप रोल आणि पासवर्ड घेतच नाही, त्यासाठी पीजी-डंप-ऑल वेगळा चालवावा लागतो. डेटाबेसच्या फाइली टीडीई या सोयीने एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद केलेल्या असतील तर सर्टिफिकेट आणि त्याची प्रायव्हेट की हातात नसताना बॅकअपची फाइल निव्वळ कचरा आहे. ती दोन्ही सर्व्हरच्या बाहेर ठेवलेली आहेत का, हे आजच बघा.

च) एसक्यूएल सर्व्हर असेल तर आणलेल्या प्रतीवर चेकडीबी ही आतला डेटा शाबूत आहे का ते तपासणारी कमांड चालवा. बॅकअपची फाइल तपासणारं ‘व्हेरिफाय ओन्ली’ यशस्वी झालं म्हणजे बॅकअप चांगला, असं समजू नका. फाइल पूर्ण आहे आणि वाचता येते एवढंच ते सांगतं, आतला डेटा सडका आहे की नाही ते सांगत नाही.

छ) तालीम संपली की टेस्टवरचा खरा डेटा पुसा. हॉटेलच्या डेटाबेसमध्ये परदेशी पाहुण्यांचे पासपोर्ट नंबर असतात, कारण त्यांची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म सी भरावा लागतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर अशी प्रत कुणाच्या लॅपटॉपवर पडून राहणं हा निष्काळजीपणा महागात पडू शकतो.

ही तालीम दर तिमाहीला. कुणी विचारलं नाही तरी.

काही गैरसमज इथंच निस्तरून टाकतो. रेड, म्हणजे तोच डेटा दोन डिस्कवर ठेवण्याची सोय, हा बॅकअप नाही. डिस्क गेली तर तो वाचवतो, तुम्ही टेबल उडवलंत तर दोन्ही डिस्कवरून उडतं. रेप्लिकाचंही तेच, चुकीचा डिलीट काही क्षणांत तिथं पोचतो. बॅकअपचं फोल्डर सर्व्हरला कायमचं ड्राइव्ह म्हणून जोडलेलं असेल तर रॅन्समवेअर त्यालाही कुलूप घालतं. एक प्रत इमारतीच्या बाहेर आणि नेटवर्कपासून तुटलेली हवी. क्लाउडवर ठेवणार असाल तर एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचे मुंबई आणि हैदराबाद असे दोन रीजन देशातच आहेत.

५. चालू सिस्टिमवर हात ठेवण्याआधी

अपडेट किंवा डिलीट लिहिण्याआधी तीच व्हेअरची ओळ लावून सिलेक्ट चालवा आणि किती ओळी येतात ते बघा. मग ट्रान्झॅक्शन, म्हणजे पक्का करेपर्यंत परत फिरवता येणारा बदलांचा गट, उघडा, बदल करा, किती ओळी बदलल्या तो आकडा जुळवा, आणि जुळला तरच कमिट, म्हणजे बदल पक्का.

यात प्रत्येक डेटाबेसची खोड वेगळी. एसक्यूएल सर्व्हर आणि एमवायएसक्यूएल मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक कमांड लगेच कमिट करतात, तुम्ही स्वतः ट्रान्झॅक्शन उघडलं नाही तर परतीचा रस्ता नाही. ओरॅकल थांबतं, पण टेबलाची रचना बदलणारी कुठलीही कमांड दिलीत की आधीचं सगळं न विचारता कमिट होतं. पोस्टग्रेसमध्ये टेबल बनवणं-मोडणंही रोलबॅक करता, म्हणजे परत फिरवता येतं, म्हणून पोस्टग्रेसवर वाढलेला माणूस ओरॅकलवर गेला की पहिल्या महिन्यात त्याला जपावं लागतं.

ट्रान्झॅक्शन उघडं टाकून चहाला जाऊ नका. तुम्ही चहा पिताय, तिकडे काउंटरवर रांग लागते. प्रॉडक्शनची खिडकी लाल रंगाची करून ठेवा, बहुतेक साधनांत ती सोय आहे.

आणि डिस्क भरली म्हणून लॉगच्या फाइली हातानं पुसू नका. पोस्टग्रेसच्या पीजी-वॉल या लॉगच्या फोल्डरमध्ये हात घातलात तर डेटाबेस पुन्हा उठेलच असं नाही. आधी कारण बघा: एखादी बंद पडलेली रेप्लिका, जिचा स्लॉट, म्हणजे तिच्यासाठी लॉग राखून ठेवणारी नोंद, अजून जिवंत आहे, ती सगळे लॉग अडवून बसलेली असते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉगची फाइल फुगली तर बहुधा डेटाबेस फुल रिकव्हरीत, म्हणजे लॉग बॅकअप होईपर्यंत लॉग जपून ठेवण्याच्या सेटिंगमध्ये आहे आणि लॉग बॅकअप कुणी लावलेलाच नाही.

६. देवनागरी नावांचा घोळ

हा खास आपला विषय, कारण बाहेरचं सॉफ्टवेअर इंग्रजी नावं धरून बनवलेलं असतं आणि इथं मतदार, सभासद, विद्यार्थी यांची नावं देवनागरीत भरावी लागतात.

‘लक्ष्मीकांत’ लिहा आणि मोजा. डोळ्यांना चारच अक्षरं दिसतात. संगणकाला मात्र ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ वेलांटी, क, काना, अनुस्वार, त अशी अकरा चिन्हं दिसतात, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागतात. म्हणजे ३३. ओरॅकलमध्ये रकाना ३० लांबीचा ठेवला आणि लांबी बाइटमध्ये मोजली जात असेल, जी मूळ सेटिंगमध्ये तशीच असते, तर नाव आत जाणार नाही आणि ओआरए-१२८९९ ही चूक येईल. रकाना बनवताना लांबीपुढे ‘कॅर’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये साध्या वारकॅर रकान्यात देवनागरी टाकलीत तर सगळी प्रश्नचिन्हं होतात, आणि एकदा प्रश्नचिन्ह साठवलं की मूळ नाव कुठूनही परत येत नाही. रकाना एन-वारकॅर हवा आणि क्वेरीत मजकुरापुढे एन हे अक्षर हवं, नाहीतर रकाना बरोबर असूनही तेच होतं. एमवायएसक्यूएलमध्ये जुना ‘यूटीएफ८’ तीन बाइटचाच आहे. देवनागरी त्यात मावते, पण ग्राहकाने अभिप्रायात एक इमोजी टाकला की गडबड. नवं काहीही बनवताना यूटीएफ८-एमबी४ घ्या.

सगळ्यात छळणारा म्हणजे अर्धा र. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव दोन वेगळ्या पद्धतीनं टाइप होतं, एकात नुक्तावाला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि पुढे न दिसणारा जोडचिन्हाचा कोड. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. शोधायला गेलात की अर्धे कऱ्हाडे सापडतात, अर्धे गायब. डेटा भरतानाच एकसारखा करून घ्या, नंतर साफ करणं म्हणजे उकिरडा उपसणं.

७. ‘सिस्टिम स्लो आहे’ म्हणून फोन आला की

सर्व्हर रिस्टार्ट करू नका. रिस्टार्टने तक्रार थांबते आणि पुरावा जातो.

एका हॉटेलातलं उदाहरण सांगतो. हॉटेलांत रात्री दोन-अडीचला नाईट ऑडिट चालतं: भरलेल्या प्रत्येक खोलीवर त्या दिवसाचं भाडं आणि कर चढतो, दिवस बंद होतो, नवी तारीख उघडते. ते होईपर्यंत पहाटे विमान पकडणाऱ्या पाहुण्याचं अंतिम बिल निघत नाही. एका डिसेंबरात ड्युटीवरच्या माणसाचा फोन: ‘सर, ऑडिट एकोणचाळीस टक्क्यांवर अडकलंय, आणि दाबोळीला जायची टॅक्सी खाली उभी आहे.’ अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडला. ऑडिटच्या सेशनपुढे ‘ब्लॉक्ड बाय’ रकान्यात एक नंबर होता. त्या नंबरवर गेलो तर साप्ताहिक इंडेक्स रिबिल्ड, म्हणजे शोध जलद करणाऱ्या सूचीची फेरबांधणी, रविवारी पहाटे दोनला लावलेला. एसक्यूएल सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीत इंडेक्स चालू ठेवून रिबिल्ड करता येत नाही, ती सोय एंटरप्राइझमध्ये आहे. त्यामुळे रिबिल्डने टेबल धरून ठेवलं होतं आणि ऑडिट दाराबाहेर ताटकळत होतं. रिबिल्ड थांबवला, तो मागे फिरेपर्यंत थोडा वेळ गेला, आणि ऑडिट पुढे सरकलं. दुसऱ्या दिवशी ते काम पहाटे साडेचारला हलवलं, ऑडिट संपल्याची नोंद दिसली तरच सुरू होईल अशा बेतानं.

‘रात्री दोन म्हणजे निवांत वेळ’ हे गृहीत कुठल्यातरी बँकेसाठी लिहिलेल्या लेखातून येतं. तुमच्या धंद्याचं घड्याळ आधी समजून घ्या. हॉटेलात २० डिसेंबर ते २ जानेवारी कुठलाही बदल करायचा नाही, हे पाळा आणि लेखी घ्या. अमेरिकन ग्राहक असेल तर त्यांची रविवारची रात्र म्हणजे आपली सोमवारची सकाळ. सर्व्हर यूटीसी या जागतिक वेळेवर असेल तर आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे कागदावर ‘रात्री साडेआठ’ला लावलेलं काम इथं रात्री दोनला सुटतं.

अडथळा नसेल तर क्वेरीचा प्लॅन, म्हणजे डेटाबेस ती कुठल्या वाटेनं चालवतो ते, बघा. अंदाजे ओळी आणि खऱ्या ओळी यांत जमीन-अस्मानाचा फरक असेल तर आकडेवारी, म्हणजे स्टॅटिस्टिक्स, शिळी झाली आहे. इंडेक्स घालणं हा सगळ्यात शेवटचा उपाय. प्रत्येक नवा इंडेक्स प्रत्येक नोंदीवर कर बसवतो.

८. जून ते सप्टेंबर

मिरग सुरू झाला की वीज जाते, हे सांगायला डीबीए लागत नाही. पण यूपीएसची बॅटरी मे महिन्यात भार टाकून तपासा, आणि यूपीएसकडून सर्व्हरला आपोआप सुरळीत बंद होण्याची सूचना जाते का तेही. पुष्कळ ठिकाणी ती वायर जोडलेलीच नसते. किनाऱ्याजवळच्या खोल्यांत खारी दमट हवा असते, रात्री एसी बंद करून पैसे वाचवू देऊ नका.

वीज गेल्यावर सर्व्हर परत उठतो तेव्हा डेटाबेस लॉग वाचून स्वतःला सावरत असतो. मोठा डेटाबेस असेल तर वेळ लागतो. या वेळात अधीर होऊन पुन्हा बंद केलात तर तो पहिल्यापासून सुरू करतो. एसक्यूएल सर्व्हरने ‘सस्पेक्ट’ दाखवलं तर त्याला डिटॅच करू नका, परत अ‍ॅटॅच होणं कठीण होऊन बसतं. आधी एरर लॉग वाचा, मग बॅकअपकडे वळा.

९. धंद्याबरोबर चालत राहणं

एकट्या माणसाला कुणी ‘हे नवीन आलंय’ सांगत नाही. म्हणून तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. ओरॅकलचे सुरक्षा पॅच जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या तिसऱ्या मंगळवारी येतात. मायक्रोसॉफ्टचा दिवस दर महिन्याचा दुसरा मंगळवार, आपल्याकडे तो रात्री उजाडतो. पोस्टग्रेसची छोटी व्हर्जनं फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरात, आणि मोठं व्हर्जन वर्षातून एकदा, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. प्रत्येक मोठ्या व्हर्जनला पाच वर्षांचा आधार.

मुदती संपण्याच्या तारखाही: एमवायएसक्यूएल ८.० एप्रिल २०२६, एसक्यूएल सर्व्हर २०१६ ची १४ जुलै २०२६, पोस्टग्रेस १४ ची नोव्हेंबर २०२६. व्यवस्थापनाला अपग्रेडचा खर्च पटवायला वर्षभर आधी सुरुवात करावी लागते, शेवटच्या महिन्यात कुणी पैसे देत नाही.

नवं व्हर्जन आलं की रिलीज नोट्स पूर्ण वाचा, पण त्यातला ‘काय बंद झालं, काय बदललं’ हा भाग आधी. नव्या सोयींचं कौतुक नंतर करता येतं. पोस्टग्रेस १७ मध्ये, म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये, वाढीव, म्हणजे मागच्या बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच घेणाऱ्या, बॅकअपची सोय मुळातच आली, ती मात्र मी लगेच टेस्टवर लावून पाहिली. अशी निवड करायची, सगळं शिकायच्या फंदात पडायचं नाही.

लिनक्स अपग्रेड करताना सावध. जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ व्हर्जनमध्ये अक्षरांचा क्रम बदलला, आणि जुन्या क्रमानं बांधलेले पोस्टग्रेसचे मजकुराचे इंडेक्स चुकीचे ठरले. नोंद असते, पण शोधल्यावर मिळत नाही. अशा अपग्रेडनंतर रीइंडेक्स करा.

सर्टिफिकेट घ्यावं का? पहिल्या नोकरीला उपयोग होतो, कारण बायोडेटा चाळणाऱ्याला दुसरं काही समजत नाही. मायक्रोसॉफ्टची डीपी-३०० ही परीक्षा क्लाउडसकट सगळं विचारते. तिची मुदत एक वर्ष, नूतनीकरण ऑनलाइन आणि फुकट. प्रश्नसंच पाठ करून पास होणारे मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडतात.

एआयला क्वेरी समजावून विचारायला हरकत नाही, मीही विचारतो. पण कंपनीचा डेटा त्यात चिकटवायचा नाही, आणि त्याने दिलेली कमांड टेस्टवर चालवल्याशिवाय पुढे न्यायची नाही.

सरकारी बाजूची एक गोष्ट नोंदवून ठेवा. सीईआरटी-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. कंपनीत हे कुणालाच ठाऊक नसेल तर कळवायचा पत्ता आणि कोण कळवणार हे तुम्हीच ठरवून घ्या.

१०. कागदपत्रं आणि रुजू होताना

खाजगी नोकरीला गुणपत्रिका, ओळखपत्रं आणि सरावाच्या कामाची नोंद पुरते. त्या नोंदीत ‘अमुक आकाराचा डेटाबेस इतक्या वेळात परत उभा केला’ असं एक पान असेल तर ते दहा सर्टिफिकेटांवर भारी पडतं.

सरकारी जागेसाठी मामलेदार कार्यालयाकडून पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि रोजगार विनिमय केंद्राचं नोंदणी कार्ड आधीच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर धावपळ केली तर तारीख निघून जाते. जाहिरातीत कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं असल्यास उत्तम, असं लिहिलेलं असतं. मराठी शाळेत शिकलेल्यांनी यावर काय म्हणायचं ते म्हणावं, पण कोकणी बोलण्याची तयारी ठेवावी. घरी बोलतच असाल तर प्रश्नच नाही.

रुजू होण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: रात्री फोन आला तर त्याचा भत्ता किंवा बदली रजा, डेटाबेसचे पासवर्ड तुमच्याशिवाय आणखी एका माणसाकडे सीलबंद असतील याची व्यवस्था, आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांत ड्युटी कोण सांभाळणार. तिसरी गोष्ट मुलाखतीत विचारायला संकोच वाटतो. विचारा. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधत असताना लॅपटॉप उघडावा लागला की घरचे पुढच्या चवथीपर्यंत ऐकवतात.